दोष कुणात

हातकणंगले तालुक्यात मला सगळे डॉक्टर म्हणतात. मी डॉक्टर नाही. बारावी सायन्सला दोनदा गटांगळ्या खाल्ल्या आणि मग कृत्रिम रेतनाचा कोर्स करून दूध संघाच्या कामाला लागलो. माजावर आलेल्या गाई-म्हशी भरवायच्या, म्हणजे रेत सोडून गाभण करायच्या, एवढंच माझं काम. मोटारसायकलला मागं नायट्रोजनचा कॅन, त्यात गोठवलेल्या रेताच्या बारीक कांड्या, पिशवीत खांद्यापर्यंत येणारे प्लास्टिकचे हातमोजे. फोन आला की निघायचं. पण गावाला एकदा कुणाला डॉक्टर म्हणायची सवय लागली की ती सुटत नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही ती सोडवायची नव्हती. माझं लग्न जमलं तेही त्याच नावावर. मुलीच्या वडलांना सगळे आण्णा म्हणत. साधा, दोन एकरांचा माणूस. जावई डॉक्टर मिळाला म्हणून त्यांनी गावात पेढे वाटले. मी काही बोललो नाही. तेव्हापासूनच मला न बोलायची सवय होती म्हणायची.

कोर्समध्ये आम्हाला कत्तलखान्यातून आणलेली गर्भाशयं दिली होती. हाताला ओळख व्हावी म्हणून. एक दिवस शिकवणाऱ्या साहेबांनी त्यातलं एक कापून उघडलं, तर आत गाभ निघाला. चाळीस-एक दिवसांचा असेल, हरभऱ्याच्या घाट्याएवढा. डोकं मोठं, डोळ्यांच्या जागी दोन काळे ठिपके, पाय फुटायचे तिथं चार अंकुर. साहेब म्हणाले, या वयाला माणसाचं पोरही साधारण असंच दिसतं, शेपटीसकट. आम्ही सगळे हसलो. मला मात्र ते फार आवडलं. बारावीच्या पुस्तकात जे डोक्यावरून गेलं होतं ते तिथं समजलं. रेतातल्या कोट्यवधी शुक्राणूंपैकी एक बीजात शिरतो, तो शिरला की बीज दार लावून घेतं. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ होत होत ते नळीतून खाली उतरतं आणि चार-पाच दिवसांनी गर्भाशयात पोचतं. गाईच्या पोटात तर सोळाव्या दिवसाच्या सुमाराला ते दोऱ्यासारखं लांब होतं आणि आईला कळवतं, की मी आलोय, आता पुन्हा माजावर येऊ नको. तो निरोप पोचला नाही तर एकविसाव्या दिवशी गाय परत हंबरायला लागते. याला आमच्याकडं गाय उलटली म्हणतात.

गाय उलटली की काय सांगायचं, हे कोर्समध्ये शिकवत नाहीत. ते जुन्या लोकांकडून शिकावं लागतं. दोष जनावरात सांगायचा. खुराक कमी पडतोय, खनिज मिश्रण चालू करा, माज ओळखायला तुम्हाला उशीर झाला, काहीही. रेतात दोष, हातात दोष, कॅनमध्ये दोष असं चुकूनसुद्धा म्हणायचं नाही, कारण एकदा नाव गेलं की फोन बंद. लोकही ऐकून घेतात. दावणीला बांधलेली गाय उलटून बोलत नाही.

लग्नानंतर दीडेक वर्षानं माझा कॅन सुकला. चुलतभावाच्या लग्नात चार दिवस नाचत होतो, नायट्रोजन किती उरलाय ते पट्टी बुडवून बघायचं असतं, ते बघितलं नाही. परत आलो तर कॅन कोरडा. घाईघाईनं वरून नवीन नायट्रोजन ओतला आणि काही झालंच नाही असं दाखवून कामाला लागलो. मेलेलं रेत पुन्हा थंड केल्यानं जिवंत होत नाही, हे मला माहीत होतं. तरी वाटलं, सगळंच थोडं मेलं असेल. पुढं महिनाभर एकामागून एक गाई उलटल्या. मी घरोघर सांगत सुटलो, जनावरात दोष हाय.

शेवटी तक्रार वर गेली. संघातल्या मोठ्या साहेबांनी मला कॅनसकट बोलावून घेतलं. निवृत्तीला आलेला माणूस, आवाज कधी चढवायचा नाही. त्यांनी माझ्यासमोर एक कांडी कोमट पाण्यात धरली, थेंब काचेवर घेतला आणि मला सूक्ष्मदर्शकातून बघायला लावलं. सगळे शुक्राणू पडलेले, एकही हलत नव्हता. मग त्यांच्या टाकीतली चांगली कांडी दाखवली. डबक्यात डासांची पिल्लं वळवळतात तशी तिथं धावपळ चालली होती. साहेब म्हणाले, "उद्यापासनं एकेका घरी जायचं. चूक माझी हाय म्हणायचं. गाय फुकट भरवून द्यायची." आणि डबा खायला निघून गेले.

मी तिथं एकटाच राहिलो. सूक्ष्मदर्शक चालू होता. मूल अजून नव्हतं, पण मला त्याची काही काळजी नव्हती. माझ्यात दोष असेल असं मनातही आलं नव्हतं. निव्वळ हौस म्हणून, आपले कसे पळतात ते बघावं म्हणून, मी संडासात गेलो, स्वतःचं रेत एका कोऱ्या बाटलीत घेऊन आलो आणि थेंब काचेवर ठेवला.

काहीच नव्हतं. मेलेलेसुद्धा नव्हते. दोन-चार गोल पेशी इकडं-तिकडं पडलेल्या, शेपटीवालं एक नाही. काच बदलली, भिंग बदललं. पुढच्या आठवड्यात काहीतरी निमित्त काढून परत गेलो, त्यानंतर महिन्यानं पुन्हा. तिन्ही वेळा तेच. मग मला दहावीतलं गालगुंड आठवलं. दोन्ही गाल सुजले होते, आणि तीन दिवसांनी खाली दोन्ही अंडीही सुजली. आईनं शेक दिला आणि कुणाला सांगू नको म्हणून बजावलं. गालगुंड खाली उतरलं की पुढं असं होऊ शकतं, हे मी नंतर फोनवर वाचलं. आई ते दुखणं विसरली असेल, निदान तिनं पुढं कधी विषय काढला नाही.

साहेबांनी सांगितल्याप्रमाणं मी घरोघर गेलो, चूक कबूल केली. शिव्या खाल्ल्या. एकानं गोठ्यात पाय ठेवू दिला नाही. पण बाकी सगळ्यांनी दोन शब्द बोलून चहा दिला. वाटलं होतं तितकं अवघड नव्हतं ते. दोन आठवड्यांत वीस-पंचवीस घरांत मी माझी चूक कबूल करून आलो आणि माझ्या स्वतःच्या घरात एक शब्द बोललो नाही.

बायको माझ्यापेक्षा हुशार होती, हे मी आता लिहू शकतो. माझं काम तिला आवडायचं. कुठली गाय कधी भरवली, कुठल्या वळूचं रेत, कधी तपासायची, हे सगळं रजिस्टर ती लिहायची. माझं अक्षर मलाच लागत नाही, तिचं मोत्यासारखं. लिहिता लिहिता विचारायची. सोळाव्या दिवशी एवढुसं ते आईला कळवतं कसं? त्याला तोंड नाही, काही नाही. मी सांगायचो, ते एक रस सोडतं, गर्भाशयाला तो कळतो. एकदा तिनं विचारलं, "मग बाईचं कितव्या दिवशी?" मी सांगितलं, बाईचं सात-आठ दिवसांत गर्भाशयाला चिकटायला लागतं. मी हे सांगितलं तेव्हा मला माझं माहीत होऊन सहा महिने झाले होते.

त्यानंतर ती दर महिन्याला दिवस मोजायला लागली. तो आठवडा आला की डोक्यावर वैरणीचा भारा घ्यायची नाही, विहिरीच्या पायऱ्या उतरायची नाही, चालतानाही जपून पाय टाकायची. आई म्हणायची, "नखरं बगा. अजून कशात काय न्हाय." बायको माझ्याकडं बघून जरा हसायची, जणू आम्हा दोघांनाच एक गोष्ट माहीत आहे. मी तिला सांगायला हवं होतं की उचल तो भारा, पोटात कुणी नाही, कुणी येणारही नाही. मी तिचा भारा उचलून द्यायचो. शेजारच्या बायकांना त्याचं फार कौतुक. असा नवरा मिळायला भाग्य लागतं म्हणायच्या. महिन्याच्या शेवटी ती न्हाणीघरात जरा जास्त वेळ लावायची. बाहेर आली की डोळे धुतलेले असायचे.

मग सुरू झालं सगळं. आईनं तिला दत्ताच्या वाडीला, नृसिंहवाडीला पाठवलं, दर पौर्णिमेला, अनवाणी. कुणीतरी झाडपाल्याचं औषध दिलं, त्यानं तिला उलट्या झाल्या. मग कोल्हापुरात डॉक्टर बाईंकडं नेलं, स्टेशनजवळच्या दवाखान्यात. बाईंनी पहिल्याच दिवशी मला विचारलं, "तुमची तपासणी?" मी म्हणालो, "झालीय. आमच्याच संघाच्या लॅबमध्ये. चांगली आहे." बायकोनं अभिमानानं सांगितलं, हे डॉक्टर हायत, जनावरांचे. बाई म्हणाल्या, तरी कागद घेऊन या. पुढच्या वेळी मी विसरलो म्हणून सांगितलं, त्याच्या पुढच्या वेळी गेलोच नाही, तिला आईबरोबर पाठवलं. तिच्या नळ्यांत औषध सोडून फोटो काढले. ते फार दुखतं म्हणे, ती परत येताना एसटीत वाकून बसली होती. पुढं दुसऱ्या दवाखान्यात पोटाला भोकं पाडून दुर्बिणीनं तपासलं. काही निघालं नाही. काही निघालं नाही म्हटल्यावर आईला आणखीनच खात्री पटली, की दोष इतका खोल आहे की दुर्बिणीलाही दिसत नाही.

हल्ली आमच्याकडं ज्यातून बहुतेक कालवडीच होतात अशा रेताच्या कांड्या मिळतात. महाग असतात, तरी लोक रांग लावतात. गोठ्यात बैल नको झालाय. त्याच लोकांच्या घरातली म्हातारी मला अंगणात गाठून विचारते, सुनेला पोरगाच व्हईल असं काय मिळतंय का तुमच्याकडं. मी हसून टाळतो. मला या लोकांवर रागवायचा काही हक्क नाही, पण राग येतो.

सहाव्या वर्षी माझ्या घरी बैठक बसली. माझे वडील मी शाळेत असतानाच गेले, त्यामुळं आमच्याकडं मामाचा शब्द शेवटचा. मामा, आई, मी. समोर आण्णा, कडक इस्त्रीची टोपी घालून आलेले, सतरंजीच्या कडेला बसलेले. बायको आतल्या दाराशी उभी. मामा म्हणाला, सहा वर्सं वाट बघितली, आता पोरगी घेऊन जावा. आण्णांनी मामाला सोडून माझ्याकडं तोंड केलं.

"पावणं, तुमी सांगा. तुमास्नी जनावराचं कळतंय, माणसाचं बी कळत असंल. तुमी सांगशिला ते मी मानतो. दोष कुणात हाय?"

त्या माणसाला खरोखर उत्तर हवं होतं. मी नाही माहीत म्हणू शकलो असतो. गप्प बसलो असतो तरी चाललं असतं, गप्प बसण्यात तर माझा हात कुणी धरला नसता. पण त्यांनी मला डॉक्टर समजून विचारलं होतं, आणि इतकी वर्षं गोठ्यागोठ्यांत जे सांगत आलो तेच माझ्या तोंडून निघालं. मी म्हणालो, "तिच्यात."

आण्णांनी मान हलवली. हात जोडले. माझ्यासमोर, त्यांच्या मुलाच्या वयाच्या माणसासमोर. म्हणाले, "आमचं चुकलं." त्याच दुपारी बापलेक वडापच्या जीपनं गेले. जाण्याआधी तिनं त्या दिवसापर्यंतचं रजिस्टर पूर्ण करून टेबलावर ठेवलं होतं, कुठली गाय कधी तपासायची ते लाल शाईनं लिहून. सोडचिठ्ठीच्या कागदांवर तिनं काहीही मागितलं नाही.

आईनं लगेच दुसरी मुलगी बघायला घेतली. मी नाही म्हणालो. आयुष्यात तेवढं एक बरं काम केलं, आणि त्याचंही खोटंच झालं. लोक म्हणायला लागले, पहिलीवर जीव होता, म्हणून दुसरी करत नाही. वांझ बाई सहा वर्षं सांभाळली, कधी हात उगारला नाही, देवमाणूस आहे. सोसायटीच्या कट्ट्यावर माझा दाखला देतात. मी ऐकून घेतो. आई अजून अधूनमधून रडते आणि त्या पोरीला शिव्या देते, की माझ्या लेकाला कुलूप लावून गेली.

तिचं दुसरं लग्न झाल्याचं कानावर होतं. एका बिजवराशी, त्याला पहिलीची एक मुलगी होती. कुठल्या गावात ते मी कधी विचारलं नाही.

गेल्या पावसाळ्यात शिरोळकडचा आमचा एक माणूस रजेवर गेला आणि त्याची गावं महिनाभर माझ्याकडं आली. एका सकाळी फोन आला, गाय माजावर हाय, तिसऱ्यांदा उलटलीया. पत्ता विचारत गेलो. उसाच्या कडेला नवं घर, पत्र्याचा गोठा. मालक पस्तिशीचा, हसऱ्या तोंडाचा. त्यानं आत हाक मारली, "डॉक्टर आल्यात गं, हात धुवायला पाणी आण." आणि बादली, साबण घेऊन ती बाहेर आली.

तिनं मला ओळखलं, थांबली नाही, बादली माझ्यापाशी ठेवली. पोट चांगलं दिसत होतं.

"वळख हाय व्हय?" नवऱ्यानं विचारलं.

"आमच्या माहेराकडंचे हायती," ती म्हणाली.

गाय लाथा झाडत होती, तिला धरायला आणखी एक माणूस पाहिजे म्हणून तो शेजारी बोलवायला गेला. आम्ही दोघंच राहिलो. मी विचारलं, कितवा. ती म्हणाली, सातवा. मग माझ्याकडं न बघता, पण राग न धरता म्हणाली, "ती औषधं तवा लागू पडली न्हाईत. आता पडली म्हणायची. दत्तानं ऐकलं उशिरा."

म्हणजे तिला अजून कळलं नव्हतं. सात महिन्यांचं पोर पोटात घेऊनही ती माझ्यावरच विश्वास ठेवून होती, की दोष तिच्यात होता आणि आता तो गेला. मी त्या दिवशी जे बोललो ते तिनं नवीन घरीही बरोबर नेलं होतं. मला ते सहन झालं नाही. तिची कीव आली की स्वतःची, ते आजही सांगता येत नाही.

"औषधाचं काय न्हाय," मी म्हणालो. "दोष तुझ्यात नव्हताच. माझ्यात हुता."

"आता तपासलासा व्हय?"

"न्हाय. तवाच ठावं हुतं."

तिनं साबण हातात धरला होता, तो तसाच राहिला. "कवापासनं?"

"दुसऱ्या वर्षापासनं."

ती हिशेब लावत असावी. ओठ हलले. "म्हंजे वाडीच्या आदी. दुर्बिणीच्या आदी."

"व्हय."

"आन आण्णांनी इचारलं तवा?"

"तवाबी."

मला वाटलं ती ओरडेल, बादली अंगावर ओतेल. ओतायला हवी होती. ती गोठ्याच्या खांबाला टेकली, पोटाखाली हात धरून. बोलली तेव्हा आवाज अगदी साधा होता.

"आण्णा गेलं गेल्या साली. हे काय त्यांनी बगितलं न्हाय. शेवटाला आठ दिवस अंथरुणात हुते, तर सारकं तुमचंच काढायचे. आपण त्या पोराला फसवलं म्हणायचे, दोष असल्याली पोरगी त्याच्या गळ्यात बांधली, चांगल्या घराचा वंश बुडवला. मला हात धरून म्हणाले, कुटं भेटला तर माझ्या वतीनं त्याच्या पाया पड. त्याबिगर माझा जीव सुटायचा न्हाय. मी व्हय म्हटलं, तवा गेले."

तिनं साबण बादलीच्या कडेवर ठेवला, पदर सावरला.

"बापाला शब्द दिल्याला हाय. आता तुमीच सांगा, पडू का पाया?"

ती मला टोमणा मारत नव्हती. तिला खरंच विचारायचं होतं, कारण शब्द दिलेला होता आणि तो आता कसा पाळायचा हे तिला कळत नव्हतं. तिचा नवरा शेजाऱ्याला घेऊन बोलत बोलत आला, तेव्हाही ती तशीच उत्तराची वाट बघत उभी होती. मी हातमोजा चढवला आणि गाईकडं गेलो.